अधिकृत परवाना घेऊन पुस्तकप्रेमींसाठी वस्तू: गावातल्या छोट्या स्टुडिओचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात दहा बाय पंधराची खोली आहे. हीट प्रेस (उष्णता आणि दाबाने चित्र उतरवणारं यंत्र), कपांसाठीचा ‘मग प्रेस’ आणि सब्लिमेशनची, म्हणजे कागदावरून उष्णतेने वस्तूवर उतरणारी, शाई भरलेला एपसन प्रिंटर आहे. लग्नातल्या भेटवस्तू, शाळांची ओळखपत्रं, वाढदिवसाचे मग ही कामं चालू आहेत. एका हयात लेखिकेच्या कादंबरीमालेला मोठा वाचकवर्ग आहे आणि तिच्या पात्रांचे मग, बुकमार्क कुणीही विनापरवाना छापून विकतंय. हेच काम रीतसर परवान्याने करायचं आहे, हाताशी दीड लाख रुपये आहेत. सुरुवात कुठून करायची, आणि गावात राहून हे जमेल का?

जमेल. यंत्रं तुमच्याकडे पुरेशी आहेत, त्यामुळे दीड लाखातला एकही रुपया नव्या मशीनवर घालू नका. या धंद्यात पैसा अडकतो तो मंजुरीआधी छापून ठेवलेल्या मालात. क्रम असा ठेवा: हक्क कुणाकडे आहेत ते शोधणं, लेखी परवाना, प्रत्यक्ष नमुना, लेखी मंजुरी आणि मगच छपाई. घाईत यातली एक पायरी गाळली की सगळा माल खोलीत पडून राहतो आणि लेखिकेचा विश्वास जातो तो वेगळाच.

आधी हक्कांचं. कादंबरी लेखिकेची असली तरी वस्तू बनवण्याचा हक्क तिच्याकडेच असेल असं गृहीत धरू नका. मराठीतले बरेच प्रकाशन करार छापील आवृत्तीपुरते असतात आणि मग बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात. पण करारात ‘इतर सर्व हक्क’ किंवा ‘दुय्यम हक्क’ असं कलम असेल तर प्रकाशकाला विचारावं लागतं. म्हणून पहिल्याच पत्रात लेखिकेला विनंती करा की तिने आपला करार एकदा काढून बघावा. कादंबरीवर चित्रपट किंवा मालिका करण्याचे हक्क विकले गेले असतील तर वस्तूंचे हक्कही बहुतेकदा निर्मात्याकडे गेलेले असतात. तिथे लेखिकेची सही असूनही उपयोग नाही. आणि पडद्यावरच्या नटाचा चेहरा हा तर पूर्ण वेगळा विषय आहे, त्याला हातच लावू नका.

मुखपृष्ठाचं चित्र ही तिसरी गोष्ट. ते चित्रकाराचं की प्रकाशकाचं, हे त्या दोघांमध्ये काय ठरलं होतं त्यावर अवलंबून असतं. मुखपृष्ठ वापरायचं असेल तर दोघांचंही लेखी संमतीपत्र घ्या. त्याहून सोपं म्हणजे मुखपृष्ठ सोडून द्या आणि स्वतःच्या चित्रकाराकडून नवं काम करून घ्या. वाचकांना मुखपृष्ठाच्या नकलेपेक्षा कथेतली नेमकी वस्तू जास्त आवडते: पात्राच्या घराचा दरवाजा, तिच्या गावाचा हाताने काढलेला नकाशा, एखादं ठेवणीतलं वाक्य. ही वाक्यं, पात्रं, नकाशा सगळं परवान्यात नावानिशी यायला हवं. ‘आम्ही तर फक्त पुस्तकाचं नाव छापतो’ अशी पळवाट काही जण सांगतात. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे, पण त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी असू शकते. शिवाय अधिकृत म्हणून विकायचं आणि लेखिकेला न विचारता, हे दोन्ही एका वेळी होत नाही.

परवाना कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३० प्रमाणे लेखीच लागतो. फोनवरचं ‘हो, करा की’ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे परवाना नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो संपतो. या तिन्ही गोष्टी कायद्यावर न सोडता स्पष्ट लिहून घ्या. पहिला परवाना एका वर्षाचा, तीन वस्तूंचा, ठरावीक नगांचा आणि एकट्याला नसलेला, म्हणजे लेखिका इतरांनाही देऊ शकेल असा मागा. नवख्या माणसाने एकाधिकार मागितला की समोरचा सावध होतो, आणि तुम्हालाही त्याची गरज नाही.

लेखिकेला पाठवायचं पत्र एक पानाचं असावं. कोणत्या तीन वस्तू, प्रत्येकी किती नग, विक्रीची किंमत काय, रॉयल्टी (विक्रीतला लेखिकेचा वाटा) किती टक्के आणि कशावर, कुठे विकणार, मंजुरी कशी घेणार, एवढंच. तिच्या पुस्तकांची स्तुती दोन ओळींत आटपा. पत्रासोबत तुमच्या हातच्या कामाचे दोन नमुने पोस्टाने पाठवा, पण तिच्या पात्रांचे नाही. परवान्याआधी तिची पात्रं छापून पाठवणं म्हणजे जी तक्रार आपण करतोय तेच आपण करणं.

मग नमुने कशाचे? कॉपीराइट संपलेल्या साहित्याचे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये सावनेरला गेले, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालं आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणून २०२८ संपेपर्यंत परवानगी लागते. सुरेश भट २००३ मध्ये गेले, त्यांची एक ओळसुद्धा २०६३ संपेपर्यंत विचारल्याशिवाय मगवर येऊ शकत नाही. विदर्भात ‘आपल्या अमरावतीचे भटसाहेब’ म्हणून त्यांच्या ओळी सर्रास छापतात, ते चूक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात ज्याची पाळंमुळं आहेत ते महानुभाव पंथाचं जुनं गद्य मूळ स्वरूपात मोकळं असलं तरी आजच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, टिपा, अर्थ त्याच्या मालकीचे असतात. मोकळ्या साहित्यावर दोन बुकमार्क आणि एक मग उत्तम करून दाखवा. हीच मालिका पुढे परवान्याची वाट बघताना खोलीचं भाडंही काढते.

आता रॉयल्टी. साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास बोलणी होतात, पण टक्क्यांवर वाद घालण्याआधी ते कशावर मोजायचे ते ठरवा. कापडी बॅगेचं उदाहरण घेऊ, जीएसटी बाजूला ठेवून. छापील किंमत ४५० रुपये. दुकानदाराला ४० टक्के सूट दिली तर तुमच्या हाती २७० येतात. कापड आणि शिलाई ९५, छपाई ३५, लेबल आणि पॅकिंग २०, खराब मालाचा वाटा १५, असा खर्च १६५ धरू. रॉयल्टी १० टक्के छापील किमतीवर असेल तर ४५ रुपये जातात आणि तुमच्याकडे ६० उरतात. तीच हाती आलेल्या रकमेवर असेल तर २७ जातात आणि ७८ उरतात. टक्के तेच, पण नगामागे १८ रुपयांचा फरक. करारात ‘प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, कर व कुरिअर वगळून’ असं लिहा आणि त्याच्याखाली हेच उदाहरण आकड्यांसह जोडा, म्हणजे दोन वर्षांनी अर्थावरून वाद होत नाही.

मोठे हक्कधारक किमान हमी मागतात: विक्री होवो न होवो, वर्षाला अमुक रक्कम द्यायची. २५ हजारांची हमी दिली तर वरच्या हिशेबाने ९२६ बॅगा विकाव्या लागतील तेव्हा ती फिटेल. दहा बाय पंधराच्या खोलीला हे झेपत नाही. त्याऐवजी खेपेची आगाऊ रॉयल्टी सुचवा: मंजूर झालेल्या खेपेतल्या सगळ्या नगांची रॉयल्टी छपाईच्या आधीच भरायची. लेखिकेला पैसे लगेच दिसतात, विक्रीचा हिशेब तपासण्याचा तिचा ताप कमी होतो आणि तुमची जोखीम खेपेपुरती राहते. छोट्या मराठी प्रकाशकांना ही पद्धत पटते. पैशांची वाटणी साधारण अशी ठेवा: माल ५० हजार, रॉयल्टी आणि वकील २५ हजार, नमुने १५ हजार, पॅकिंग १० हजार. उरलेल्या ५० हजारांना पहिली खेप विकली जाईपर्यंत हात लावायचा नाही.

मंजुरी तीन टप्प्यांत घ्या. पहिला टप्पा कच्च्या कल्पनेचा, पेन्सिलचं रेखाटन चालतं. दुसरा अंतिम चित्राचा, अक्षरांसह, प्रत्यक्ष मापात. तिसरा छापलेल्या नमुन्याचा, पोस्टाने. तिसरा टप्पा मोबाइलवर फोटो पाठवून उरकू नका. पडद्यावरचा गर्द निळा मगवर जांभळट उतरतो, आणि लेखिकेच्या मनात त्या पात्राचं लुगडं निळंच असतं. नमुने दोन करा, दोन्हींच्या मागे तारीख आणि सही घ्या, एक तिच्याकडे आणि एक तुमच्याकडे काळ्या पिशवीत बंद. पुढच्या प्रत्येक खेपेचा रंग त्याच्याशी ताडायचा, आधीच्या खेपेशी नाही. खेपेशी खेप ताडत गेलं की रंग थोडाथोडा सरकतो आणि चौथ्या खेपेला तो ओळखू येत नाही. उत्तरासाठी कामाचे १० दिवस करारात लिहा, पण ‘उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर’ हे कलम घालू नका. ते कागदावर सोयीचं दिसतं आणि नातं बिघडवतं. त्यापेक्षा वेळापत्रकातच प्रत्येक टप्प्याला तीन आठवडे धरा.

वस्तूंपैकी बुकमार्कने सुरुवात करा. ३०० किंवा ३५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट थर्मल लॅमिनेशन. एकाच बाजूला केलं तर पावसाळ्यात कार्ड त्या बाजूला वळतं. छपाई यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या डिजिटल प्रेसवर १२ बाय १८ इंची शीटवर होते. इथे माप ठरवताना एक सेंटिमीटर फार महाग पडतो. ५ बाय १५ सेंटिमीटरचा बुकमार्क, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई) धरून, एका शीटवर १० बसतात. उंची १४ केली की आडवे पाच आणि उभ्या तीन ओळी, म्हणजे १५ बसतात. छपाईचा खर्च शीटवर असतो, त्यामुळे तेवढ्याच पैशांत दीडपट माल. आणि संच चारचा नको, पाचचा करा: पाच रकाने, प्रत्येकात एक चित्र, एका शीटमधून बरोबर तीन संच निघतात. ३०० संचांना १०० शीट आणि कापताना वाया जाणाऱ्या ८. कटिंगवाल्याला एका वेळी जाडजूड थर लावू देऊ नका, खालचे बुकमार्क मिलिमीटरभर तिरके जातात आणि पांढरी कड दिसते. छापखान्यातून जास्तीच्या आणि बिघडलेल्या शीटही परत आणा. परवान्याचा माल रद्दीच्या वाटेने बाजारात गेला तर जबाबदार तुम्ही.

देवनागरी अक्षरं हा इथला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदी छपाईतल्या वळणांपेक्षा वेगळी असतात, आणि बरेच फॉन्ट भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळण देतात. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला ते कळत नाही, पण पुस्तकाच्या चाहत्याला पहिल्या नजरेत खटकतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा र तपासा, तो तुटून ‘दुसर्या’ झाला की संपूर्ण खेप वाया. इलस्ट्रेटर या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं उलटीपालटी होतात. प्रेसवाल्याकडे कोरल असो की आणखी काही, फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदला, आणि बदलल्यावर पुन्हा एकदा मूळ पुस्तक शेजारी ठेवून शब्दन् शब्द वाचा. लेखिकेच्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा तिचा आहे. फॉन्टचाही परवाना असतो: ‘मुक्त’, ‘बालू’, ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यापारी कामाला चालतात. संगणकाच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेले फॉन्ट या कामात नकोत.

मगचं तंत्र तुम्हाला येतं, पण ‘अधिकृत’ मालात चुकीला जागा कमी असते. ११ औंसाचा पांढरा मग, १८० ते १९० अंश, १५० ते १८० सेकंद, हा सर्वसाधारण पल्ला. नेमका आकडा तुमच्या मगच्या लेपावर ठरतो, म्हणून नव्या लॉटचे पहिले दोन मग चाचणीला काढा. मग ३६ च्या खोक्यात येतात, त्यामुळे पहिली खेप ७२ ची ठेवा आणि वर चाचणी व तुटफुटीला आठेक सुटे घ्या. वरच्या किंवा खालच्या कडेला फिकट पट्टा राहिला तर तिथे दाब किंवा उष्णता पोचलेली नाही. दुहेरी रेघ दिसली तर कागद सरकला. रंग तपकिरी झाला तर वेळ जास्त झाला.

आणि पूर्ण मग फिका आला तर आधी व्होल्टेज बघा. संध्याकाळी गावठाणावर लोड वाढला की २३० व्होल्टचं १८० होतं, आणि तेवढ्या व्होल्टेजवर तीच कॉइल फक्त ६१ टक्के उष्णता देते. प्रेसच्या पडद्यावर १८० अंश दिसतात, पण गार मग आत गेला की तापमान पडतं आणि वर यायला फार वेळ लागतो. हीट प्रेस दीड किलोवॉटच्या आसपास ओढते, घरचा इन्व्हर्टर ती चालवू शकत नाही, त्याचा नाद सोडा. चांगला स्टॅबिलायझर बसवा आणि दाबकाम सकाळी ६ ते १० मध्ये उरका. प्रिंटरला मात्र छोटा यूपीएस पुरतो. छपाईच्या मध्ये लाइन गेली की हेड उघडं राहतं आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत शाई नोझलमध्येच वाळते. म्हणून उन्हाळ्यात काम नसलं तरी दररोज एक नोझल चेक काढायचाच.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण आपल्या कूलरची. ४५ अंशात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण कूलर खोलीत ओल भरतो. सब्लिमेशनचा कागद ती शोषतो आणि दाबताना वाफ होऊन मगवर बारीक पांढरे ठिपके उठतात. लोक मगचा लेप खराब म्हणून पुरवठादाराशी भांडतात. कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, कूलरचा झोत प्रिंटरकडे वळवू नका, आणि छापलेला कागद मगला गुंडाळण्याआधी पाच मिनिटं पंखा बंद ठेवून, गरम प्रेसजवळ सुकू द्या. कापडाला आधी ८-१० सेकंद नुसतं दाबून ओल काढा. सुती कापडावर सब्लिमेशन बसत नाही, त्याला डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं) किंवा जाळीतून शाई दाबायचं स्क्रीन प्रिंटिंगच.

बॅगेला १० बाय १२ इंची शोभेची पिशवी करू नका. वाचक त्यात पुस्तकं घालतो. ३६ बाय ४० सेंटिमीटर, २७० जीएसएमच्या आसपासचं कॅनव्हास, बंदांच्या चारही टोकांना चौकोन आणि आत फुली अशी शिलाई. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. छापून मग आटलं तर चित्र चुरगळल्यासारखं दिसतं, म्हणून ताग्याला आधी भिजवून वाळवून घ्या. स्क्रीन प्रिंटिंगला पाण्याची शाई वापरणार असाल तर एप्रिल-मेमध्ये ती जाळीतच वाळते. शाई वाळणं लांबवणारा रिटार्डर घाला, दोन दाबांमध्ये जाळी शाईने भरून ठेवा, नाहीतर दहाव्या बॅगेपासून बारीक रेघा गायब व्हायला लागतात.

शिलाई गावातल्या बचत गटाकडून करून घ्या, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून मशीनचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका बहुतेक गावांत आहेत. पण वेळापत्रक वावराचं असतं, तुमचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. नेमकी दिवाळी आणि डिसेंबरची मागणी असते तेव्हा एकही हात मोकळा नसतो, आणि वेचणीची मजुरी सोडून बॅगा शिवा असं कुणाला सांगूही नये. तेव्हा कोऱ्या बॅगा एप्रिल ते मृगाच्या आत शिवून गठ्ठे बांधून ठेवा, छपाई मागणीप्रमाणे नंतर. नगामागचा दर आधीच ठरवा, दर आठवड्याला पैसे द्या आणि उसवलेली बॅग ज्या बाईची तिच्याच नावावर दुरुस्तीला जाईल अशी खूण आत ठेवा.

इनॅमल पिन चाहत्यांना फार आवडतात, पण पहिल्या वर्षी टाळा. साच्याचा खर्च वेगळा असतो, कारखानदार सहसा शंभराखाली घेत नाही आणि मजकूर बारीक असला की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ध’ यांच्या पोकळ्या रंगाने बुजतात. सुगंधी मेणबत्त्याही तशाच: सोया मेण साधारण ४६ ते ५४ अंशांत वितळतं आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. मार्च ते जून त्या पाठवूच नयेत. मऊ बाहुल्या तर अजिबात नको: खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्याऐवजी आपल्याकडचं काहीतरी करा. बांबूच्या पातळ पट्टीवर लेझरने कोरलेला बुकमार्क सुंदर दिसतो. बांबू बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणातून काढलेला असावा, नाहीतर तीन महिन्यांत भुंगा पीठ पाडतो आणि ते पीठ गिऱ्हाइकाच्या पुस्तकात पडतं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे हे रीतसर शिकता येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर परराज्यात एक बुकमार्क विकायलाही नोंदणी लागते, आणि मराठी वाचक हैदराबाद, इंदूर, बंगळूरला आहेतच. त्यामुळे नोंदणी आधीच करून घ्या. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा फोन हे वजनमाप कायद्याप्रमाणे हवंच. त्याच्या खाली परवान्याची ओळ, लेखिकेने मंजूर केलेल्या शब्दांत. पुढे वाढायचं झालं तर पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि विशेष गटाला, ज्यात महिलाही येतात, ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा, पण पहिल्या खेपेसाठी कर्ज काढू नका.

विक्रीला सगळ्यात बरी पद्धत आगाऊ नोंदणीची. लेखिकेने किंवा प्रकाशकाने आपल्या पानावर घोषणा करायची, १० दिवस नोंदणी घ्यायची, जेवढी येईल त्यावर १० टक्के जास्त बनवायचं. माल पोचवण्याची तारीख तुम्हाला वाटते त्याच्या पुढे दोन आठवडे सांगा. साहित्य संमेलनं, नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लागणारे पुस्तकांचे स्टॉल, जिल्ह्याचे ग्रंथोत्सव इथे वाचक हाताने वस्तू पाहून घेतो. तिथे ५० ते १२० रुपयांतला माल जास्त जातो, मग आणि बॅगा कमी. अशा ठिकाणी विकायचं असेल तर ‘प्रत्यक्ष स्टॉल’ हा मार्ग परवान्यात लिहिलेला हवा.

कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. मगचं बाहेरचं खोकं १८ बाय १५ बाय १५ असेल तर ८१० ग्रॅम होतात आणि एक किलोचा दर लागतो. तेच १५ बाय १३ बाय १२ केलं तर ४६८ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या आत. खोकं बनवून घेताना हे माप द्या आणि भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून चारही कोपऱ्यांवर टाकून बघा. जिथे खाजगी कुरिअर गावापर्यंत जात नाही तिथे स्पीड पोस्ट पोचतं. पिनकोड तपासल्याशिवाय पैसे घेऊ नका. मगसोबतच्या चिठ्ठीत ‘तारेच्या घासणीने किंवा राखेने घासू नये’ हे लिहा, नाहीतर सहा महिन्यांत चित्र उडाल्याची तक्रार येईल.

दर तीन महिन्यांनी लेखिकेला हिशेब पाठवा, विक्री शून्य असली तरी. एकाच पानावर: आधीची शिल्लक, नवं बनवलेलं, विकलेलं, परत आलेलं, खराब झालेलं, लेखिकेला दिलेले नग, आताची शिल्लक. बेरीज जुळली पाहिजे. खराब माल ‘सेकंड’ म्हणून स्वस्तात विकायचा की नष्ट करायचा, ते करारात ठरलेलं असावं. नष्ट केला तर फोटो काढून हिशेबाला जोडा. बाजारात नकली माल दिसला तर स्वतः भांडायला जाऊ नका. दुव्यासह लेखिकेला कळवा, काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क तिचा आहे. तुमच्या प्रत्येक नगावर अनुक्रमांकाचा छोटा स्टिकर असला की तिला अस्सल माल दाखवून तक्रार करणं सोपं जातं.

मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी नव्या परवान्याची बोलणी सुरू करा आणि तोपर्यंत नवी खेप छापू नका. करारात मुदतीनंतर उरलेला माल विकायला ९० दिवस मिळतील असं कलम असावं, त्या विक्रीवरही रॉयल्टी लागू. त्यानंतर शिल्लक राहिलेलं लेखिकेला लागत किमतीत देऊ करा. तिला व्याख्यानांना, शाळांना भेट द्यायला ते उपयोगी पडतं आणि तुमचे कापड-शिलाईचे पैसे सुटतात. ती नको म्हणाली तर जाळ्या धुवून टाका, फाइल बंद करा, आणि उरलेल्या कोऱ्या बॅगा पुढच्या परवान्यासाठी डांबरगोळ्या न घालता, कोरड्या जागी कडुनिंबाच्या पाल्यात बांधून ठेवा. डांबरगोळीचा वास कापडातून जात नाही आणि पुस्तकाला लागतो.